हवेतली ऊब उपसताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने कोणी रचली, तो खात्रीने देशावरचा नाही तर कोकणातला असला पाहिजे. तो विलायतेत राहत असता तर त्याने तिसरा तुकडाही जोडला असता: 'आणि घर पाहावे तापवून!' आपल्याकडे चार भिंती उभ्या राहिल्या, पावसाळ्यात छप्पर गळले नाही, की वास्तुपुरुष प्रसन्न झाला असे आपण समजतो. थंडीचे म्हणाल तर दोन महिने स्वेटर, रात्री गोधडी आणि पहाटे न्हाणीघरात कडकडीत पाणी. घर तापवायचे असते ही कल्पनाच आपल्या मनाला शिवत नाही. उलट ते तापू नये म्हणून आपण वाळ्याचे पडदे लावणारी माणसे.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान गेली बारा वर्षे इंग्लंडात, यॉर्कशायर परगण्यात आहेत. लीड्स शहरात भाड्याच्या बिऱ्हाडात दिवस काढल्यावर त्यांनी डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात जमिनीचा तुकडा घेतला आणि स्वतः घर बांधायचे ठरवले. तिकडे बहुतेक लोक बांधकाम-कंपनीने रांगेने उभी केलेली घरे विकत घेतात. आपला नकाशा, आपला गवंडी, आपला सुतार असे घर बांधणारा माणूस थोडा हौशी, थोडा विक्षिप्त समजला जातो. सरकारची मात्र अशा हौशी मंडळींवर मेहेरनजर आहे. २०१५ च्या एका कायद्याने अशा लोकांची नोंदवही ठेवणे नगरसभांना बंधनकारक केले, आणि घर पुरे झाल्यावर सामानावर भरलेला बराचसा विक्रीकर अर्ज करून परत मिळतो. त्यासाठी प्रत्येक खिळ्याची पावती जपून ठेवावी लागते. आमच्या मेहुण्यांनी चपलांच्या खोक्यात पावत्या साठवल्या आहेत. खोकी सहा झाली.

घराला ऊब कशाने आणायची, हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता. इंग्लंडात घरोघरी जमिनीखालून गॅस येतो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बॉयलर असतो, त्यातले गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत खेळते. पण या खेड्यात गॅसची नळी पोहोचलेली नाही. शेजारीपाजारी तेल जाळतात. प्रत्येकाच्या परसात तेलाची एक मोठी टाकी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणारी तेलाची गाडी. बहिणीने सांगितले, "ताई, घरात जाळायचे काही नको असे आम्ही ठरवले आहे. आम्ही हीट पंप बसवणार."

"म्हणजे काय गं?"

"आपला फ्रिज उलटा फिरवायचा."

मराठीची प्राध्यापिका असल्यामुळे कोणतीही वस्तू आधी मराठीत बसवून पाहायची मला खोड आहे. 'उष्णतेचा पंप' म्हणून काही उलगडा होईना. पण मेहुण्यांनी यंत्र समजावून दिले तेव्हा लक्षात आले की आपल्याजवळ याला नेमका शब्द आहे: उपसा. उपसा सिंचनात पाणी नवे निर्माण होत नाही. खालच्या पातळीवरचे पाणी वर आणले जाते. तसेच हे यंत्र ऊब निर्माण करीत नाही. बाहेरच्या थंड हवेत असलेली ऊब उपसून घरात आणून ओतते.

आता तुम्ही म्हणाल, बर्फ पडत असताना बाहेरच्या हवेत कसली आली ऊब? मलाही तोच प्रश्न पडला होता. पण थंड आणि गरम हे आपल्या कातडीचे शब्द. या यंत्राच्या नळ्यांतून फिरतो प्रोपेन वायू. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात जे दोन वायू मिसळलेले असतात त्यांपैकीच हा एक. साध्या दाबाखाली तो उणे ४२ अंशांना उकळतो. शून्य अंशाची हवा आपल्याला गोठवते, पण प्रोपेनच्या लेखी ती चुलीसारखी. बाहेरच्या पेटीतला पंखा ही हवा नळ्यांवरून खेचतो, आतला द्रव उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ होताना तो हवेतली उष्णता शोषून घेतो. माठातले पाणी झिरपून वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते, तोच हा न्याय. मग विजेवर चालणारा दट्ट्या ती वाफ दाबतो. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड कसे तापते ते आठवा. दाबलेली वाफ तापते, घरात खेळणाऱ्या पाण्याला ती आपली उष्णता देते, स्वतः पुन्हा द्रव होते, आणि एका बारीक झडपेतून सुटून, गार होऊन, पुन्हा हवेकडे जाते. विजेचा खर्च होतो तो वाहतुकीचा. विजेच्या साध्या शेगडीत एक युनिट जाळले तर एक युनिटाचीच उष्णता मिळते; या उपशात एका युनिटात तीन, साडेतीन, कधी चारही मिळते.

पण ते चार मिळतात की दोनच, हे कशावर ठरते? इथे मला आजोळची मोट आठवली. विहीर जितकी खोल आणि थारोळे जितके उंच, तितके बैल दमणार. बाहेरची हवा म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी; ती आपल्या हातात नाही. पण थारोळे किती उंच बांधायचे, म्हणजे घरात खेळणारे पाणी किती तापवायचे, हे मात्र घर बांधणाऱ्याच्या हातात असते. गॅसचा बॉयलर पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत बेधडक तापवतो. उपशाकडून तेच काम घ्याल तर बैल फेस गाळतील आणि विजेचे बिल बघून तुम्हीही गाळाल. घर असे बांधायचे की पस्तीस अंशांचे, हाताला जेमतेम कोमट लागणारे पाणीच त्याला पुरले पाहिजे. सारी मेख इथे आहे, आणि यंत्र विकणारे नेमके हेच सांगत नाहीत.

कल्पना काही नवी नाही. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसनने ती १८५२ मध्येच मांडली होती. झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातून ऊब उपसणारे यंत्र बसले; स्वित्झर्लंडजवळ कोळसा नव्हता, वीज होती. इंग्लंडात नॉरिच शहरी जॉन समनर नावाच्या अभियंत्याने १९४५ मध्ये विद्युत खात्याची इमारत याच रीतीने तापवून दाखवली. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तर १९५१ मध्ये थेम्स नदीतून ऊब आणली होती. तो पंप गरजेपेक्षा फार मोठा निघाला आणि पुढे काढून टाकला गेला. मग १९६५ मध्ये उत्तर समुद्रात गॅस सापडला आणि ब्रिटिशांनी हा विषयच बासनात बांधून ठेवला. नॉर्वे, स्वीडन यांसारख्या त्याहून कडक थंडीच्या देशांनी मात्र तो उचलून धरला. 'आमच्याकडे थंडी फार, हे यंत्र इथे चालणार नाही' असे इंग्रज माणूस म्हणतो तेव्हा म्हणूनच मला हसू येते.

२०२४ च्या मे महिन्यात मी तिकडे गेले, तेव्हा घराला भिंती आणि छप्पर होते, जमीन नव्हती. आणि यंत्र किती मोठे घ्यायचे यावर वाद चालू होता. एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने दारात उभ्याने घराकडे पाहिले, किती खोल्या ते विचारले आणि बारा किलोवॉटचे यंत्र सुचवले. "मोठे असलेले बरे, कमी पडायला नको," हे त्याचे शास्त्र. आमच्या लहानपणी शिंपी म्हणत, "वाढते अंग आहे, थोडे सैल शिवतो." त्यातलाच हा प्रकार. पण सैल झगा नुसता गबाळा दिसतो. सैल पंप सारखा सुरू होतो, बंद होतो, वीज खातो आणि लवकर झिजतो. बहीण शाळेत गणित शिकवते. तिने त्या माणसाला विचारले, "प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, याचा हिशेब कुठे आहे?" तो पुन्हा आला नाही.

दुसरा कारागीर जवळच्या गावचा, साठीकडे झुकलेला आणि सरकारी अनुदानासाठी लागणारा दाखला असलेला. हा मनुष्य अख्खा दिवस फीत घेऊन घरभर हिंडला. भिंतीची जाडी, खिडकीच्या काचा, छपराखालचे अस्तर, दारांच्या फटी असे सारे त्याने मोजले. बाहेर उणे ४ आणि आत २१ अंश धरले तर घराला साडेपाच किलोवॉट पुरतील, असा हिशेब त्याने खोलीवार मांडून दिला. यंत्र घेतले ते सहाचे. यंत्र, गरम पाण्याची टाकी आणि मजुरी मिळून खर्च बारा हजार पौंडांच्या घरात गेला; त्यातले साडेसात हजार सरकारी अनुदानाचे. स्वतःसाठी घर बांधणाऱ्यालाही ते मिळते.

मग जमीन घातली. ते काम पाहायला मिळाले आणि करायलाही, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. खाली सिमेंटचा थर, त्यावर वीतभर जाडीच्या, उष्णता अडवणाऱ्या फळ्या. हा थर नसेल तर सगळी ऊब पाताळात जाते. त्या फळ्यांवर सोळा मिलिमीटरची प्लॅस्टिकची नळी पसरायची, दोन वेढ्यांमध्ये पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवून. नळी भिंतीपासून सुरू होऊन वळत वळत खोलीच्या मध्यावर जाते आणि तिथून उलटी फिरून, आल्या वाटेच्या शेजारून परत येते. मी पाहिले आणि म्हटले, "अगं, ही तर चकली!" त्यानंतर आमच्याकडे त्या नळीला दुसरे नाव राहिले नाही. 'दिवाणखान्याच्या दोन चकल्या झाल्या, स्वयंपाकघराची राहिली,' अशी भाषा सुरू झाली. एकूण साडेपाचशे मीटर नळी खालच्या मजल्यावर गेली, सात वेटोळ्यांत. एक वेटोळे शंभर मीटरच्या आत ठेवायचे, आणि जमिनीखाली एकही सांधा द्यायचा नाही, हे दोन नियम त्या म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकवले. मेहुणे नळी धरून पुढे, मी गुडघ्यांवर बसून चिमटे ठोकत मागे. चार दिवसांनी माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. गणिताची बाई उभी राहून अंतरे तपासत होती. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते आणि वाकायची मनाई होती.

म्हणूनच त्या घराला घाई होती. नाताळच्या सुमारास बाळंतपण, आणि त्यासाठी आमची बहात्तर वर्षांची आई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर यायची होती. डिसेंबरात घर उबदार झाले नाही, तर नवजात मूल आणि दम्याची आई यांना घेऊन जायचे कुठे? भाड्याचे बिऱ्हाड तर सोडून दिलेले.

पण सिमेंटला घाई कळत नाही. नळ्यांत पाणी भरून, दाब देऊन, तो दाब उतरत नाही ना याची खात्री करूनच वर सिमेंटचा गिलावा ओततात. तो ओतताना दाब तसाच ठेवतात, म्हणजे कोणाच्या फावड्याने नळीला भोक पडले तर तिथल्या तिथे कळावे. नंतर तीन आठवडे नुसते थांबायचे. मग तीन दिवस पंचवीस अंशांचे पाणी, मग हळूहळू वर. एकदम तापवली तर जमीन तडकते. पंप नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मंडळी राहायला गेली.

आई आली ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "घर छान आहे. पण शेकायचे कुठे?"

प्रश्न खरा होता. त्या घरात जिथे हात धरावा अशी एकही जागा नाही. सगळीकडे एकवीस अंश. जमिनीला पाय लावला तर ती गरमही लागत नाही, फक्त गार लागत नाही. आयुष्यभर चूल, बंब, शेगडी यांच्याभोवती ऊब शोधलेल्या माणसाला ऊब एका ठिकाणी नसणे म्हणजे ती नसणेच. शिवाय तिच्या मते बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी हवी, बाळाला ओव्याची धुरी हवी. हवाबंद घरात निखारे म्हणजे विषारी वायू कोंडण्याचे भय, शिवाय छताला धुराची घंटा टांगलेली. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या पेटीतून पांढऱ्या वाफेचा लोट उठला तेव्हा ती "आग! आग!" म्हणून ओरडली. नळ्यांवर दव गोठले की यंत्र काही मिनिटे उलटे फिरून ते वितळवते. त्याची ती वाफ. तेव्हापासून त्या यंत्राला ती 'हुक्का' म्हणते.

त्यातच विजेचा आकडा पाहून मेहुण्यांचे धाबे दणाणले. दिवसाला तीस युनिटे! तिकडे विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटाच्या जवळजवळ चौपट महाग. आधी विजेवर चालणारे यंत्र घ्या म्हणून अनुदान द्यायचे आणि मग वीजच महाग ठेवायची, हा सरकारी कारभार मला तरी समजत नाही. पण इथे चूक विजेची नव्हती. यंत्र सुरू करून देणाऱ्या पोराने पाणी पन्नास अंशांवर ठेवले होते आणि भिंतीवरचे बटण घर तापले की पंप बंद करी, गार झाले की सुरू करी. थारोळे आभाळाला टेकलेले, आणि बैल पळवायचे नाही तर बसवायचे! म्हातारा कारागीर आला आणि त्याने यंत्राला बाहेरच्या हवेकडे पाहून वागायला शिकवले: बाहेर दहा अंश असतील तर पाणी अठ्ठावीस, उणे चार झाले तर चाळीस. भिंतीवरचे बटण त्याने जवळपास निकामी करून टाकले. पंप मग रात्रंदिवस, मंद, न थांबता चालू लागला. आठवड्याभरात आकडा विसावर आला आणि घर होते तितकेच उबदार राहिले. 'वापर नसेल तेव्हा बंद ठेवा' या शिस्तीत वाढलेल्या मेहुण्यांना बारा महिने चालणारे यंत्र पटायला बरेच दिवस लागले.

नात डिसेंबरच्या २३ तारखेला झाली. मी रजा काढून अठ्ठावीसला पोहोचले, तो घरात नवे युद्ध. तपासायला येणारी सुईण सांगे की बाळाच्या खोलीत सोळा ते वीस अंश असावेत, त्याहून जास्त उकाडा तान्ह्याला धोक्याचा. आईच्या मते हा बाळाचा छळ होता. तिने कुंची, मोजे आणि तीन दुपटी चढवली की सुईण येऊन दोन उतरवी. बहीण दोघींच्या मध्ये हसत बसे.

४ जानेवारी २०२५ च्या रात्री उत्तर इंग्लंडात जोराचा बर्फ झाला. पहाटे दोनच्या सुमारास वीज गेली. हुक्का थांबला. एवढ्या शांततेने मला जाग आली. बाळ बारा दिवसांचे, बाहेर बर्फ, रस्ता बंद, घरात जाळायला काडी नाही. मेहुणे मेणबत्ती घेऊन दिवाणखान्यात येरझाऱ्या घालू लागले. "तेल लावले असते तर बरे झाले असते," एवढेच ते म्हणाले. आईने बाळाला छातीशी धरले आणि वर शाल ओढली.

मी तापमापकाजवळ खुर्ची घेऊन बसले. तीन वाजता एकवीस. पाच वाजता वीस. सात वाजता साडेएकोणीस. नऊच्या सुमारास वीज आली तेव्हा काटा एकोणिसावर होता. सात तासांत दोन अंश! ती वीतभर फळ्यांची गादी, तिहेरी काचा, आणि नळ्यांभोवतीच्या सिमेंटच्या जाड थरात महिनाभर मुरलेली ऊब, यांनी ती रात्र काढली. गंमत अशी की शेजारच्या घरी तेलाची टाकी काठोकाठ भरलेली असून बॉयलर बंदच होता. त्याची ठिणगी आणि पाणी फिरवणारा पंप विजेवरच चालतात! त्यांच्या जुन्या दगडी घरात पहाटे अकरा अंश झाले होते. म्हातारे नवरा-बायको ओव्हरकोट घालून आमच्याकडे चहाला आले.

बर्फाच्या त्या आठवड्यात विजेचा आकडा पस्तिशीपर्यंत चढला, हेही सांगितले पाहिजे. विहीर खोल गेली की बैल दमणारच. अंघोळीचे पाणी टाकीत पन्नास अंशांपर्यंत तापते, आणि जंतू होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा साठावर नेतात. त्या दिवशी आई न चुकता डोक्यावरून न्हायची. आपल्याकडे घर तापवण्याचे काम नाही, पण अंघोळीच्या पाण्यासाठी असा उपसा पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतून वापरात आहे. आपली हवा मुळातच पंचवीस-तीस अंशांची, म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली. नव्या सोसायटीत गच्ची असणाऱ्यांनी गीझर घेण्यापूर्वी चौकशी करायला हरकत नाही.

आई मार्चमध्ये परतण्यापूर्वी शेजारच्या आजोबांनी मेहुण्यांना गाठले. तेलाचा भाव पुन्हा चढला होता. त्यांना हुक्का पाहायचा होता, कोणत्या कंपनीचा, केवढ्याला पडला, आपल्या घराला चालेल का, हे विचारायचे होते. मेहुण्यांनी त्यांना यंत्राजवळ नेलेच नाही. आतून मोजायची फीत आणली आणि दोघे त्यांच्या खिडक्या मोजायला गेले.